दुसऱ्या बाईचा मुहूर्त

प्रणाली दसऱ्याच्या मुहूर्तावर गेली.

मुहूर्त दुसऱ्या बाईचा होता.

आज पुन्हा दसरा. सकाळपासून ग्रुपवर 'सोनं घ्या, सोन्यासारखे राहा' चालू आहे. मी कोणालाही उत्तर दिलेलं नाही, राग मानू नका.

प्रणाली म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, निलेशची बायको. लग्न होऊन आमच्या डिलाईल रोडच्या खोलीत आली आणि तिसऱ्या दिवशी आईला म्हणाली, "आई, तुमच्या फिश करीत आज मीठ राहिलंय." आम्ही सगळे गार! आई मात्र हसली. तेव्हापासून दोघींची गट्टी.

माझं काम तुम्हाला माहीतच आहे. घरी जाऊन फेशियल, वॅक्सिंग, पेडिक्युअर. शिवाजी पार्कच्या बऱ्याच मॅडम माझ्या क्लायंट.

त्यांच्यातल्या एका गोष्टीची मला आधी गंमत वाटायची. बाळंतपणाच्या आदल्या दिवशी पार्लरची अपॉइंटमेंट.

कारण तारीख माहीत असते ना! डॉक्टर दिवस देणार, गुरुजी वेळ काढून देणार, अगदी मिनिटापर्यंत.

आईच्या काळी अख्ख्या चाळीत सिझर झालेली एकच बाई होती. तिला बघायला बायका जायच्या, हळू आवाजात बोलायच्या. आता शिवाजी पार्कला 'नॉर्मल झाली' म्हटलं तर लोक विचारतात, "का गं? डॉक्टर वेळेवर आले नाहीत का?"

त्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी अशाच एका मॅडमचं पेडिक्युअर केलं. स्वभावाने चांगली बाई. जाताना मला पेढे दिले. म्हणाली, "उद्या फोटो निघणार गं, पाय तरी चांगले दिसू देत."

त्याच रात्री प्रणालीला कळा सुरू झाल्या.

निलेशने तिचं नाव दादरच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये घातलं होतं. आमच्या घरातली प्रायव्हेटमध्ये जाणारी पहिली सून. केवढं कौतुक होतं आम्हाला! फक्त एकच भीती. प्रायव्हेटवाले उगाच कापतात, पैसे काढायला. म्हणून निलेशने डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "डॉक्टर, काही झालं तरी नॉर्मलच बघा."

आणि दसऱ्याच्या सकाळी प्रणालीला तिथे नेलं तेव्हा आईने नर्सला ऐकवलं, "आमच्यात कोणाचा पोट फाडूक लागला नाय."

केवढ्या अभिमानाने बोलली होती!

ऑपरेशन थिएटरच्या दाराला झेंडूचं तोरण होतं. आतल्या मशीनवर पण हळदकुंकू वाहिलेलं, दसरा ना. बाहेर स्ट्रेचर लागलेले. एकीचं झालं की दुसरी.

भूल देणारे डॉक्टर एकच. तेही दादरच्या दुसऱ्या नर्सिंग होममधून धावत आलेले, कारण मुहूर्त तिथेही होताच.

स्ट्रेचरवरून एकीने हात हलवला. माझी कालची मॅडम.

"अगं, तू इथे कशी?"

"भावजय आहे. कळा येतायत."

"अय्या! ऑल द बेस्ट हां. होईल नॉर्मल." आणि ती आत गेली.

प्रणालीने माझा हात धरला. म्हणाली, "ताई, पोट दगडासारखं झालंय. सोडतच नाहीये."

मी नर्सला सांगितलं. नर्स म्हणाली, "पहिलटकरीण आहे, वेळ लागणारच. आणि तुम्हालाच नॉर्मल पाहिजे ना? आत त्यांची वेळ ठरलेली आहे."

मी परत गेले. परत तेच. तिसऱ्यांदा मी ओरडले, तर आईच मला म्हणाली, "गप रव गो, लोक बघतत."

एक मावशी सगळ्यांना आपट्याची पानं वाटत होती. प्रणालीने पान घेतलं. कळ आली की ते मुठीत चुरगाळायची.

मग चादर लाल झाली.

आता सगळे धावले. "वार आतच सुटलीय, लगेच सिझर!" डॉक्टर ओरडले. पण टेबलावर दुसरी बाई होती, पोट उघडलेलं. तिला टाके घालेपर्यंत कोण काय करणार? आम्ही तोरणाखाली उभे होतो, आणि आतून कोणाच्या तरी बाळाचं रडणं ऐकू आलं. बाहेर त्यांच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या.

प्रणालीने माझ्याकडे बघितलं. "आता मी ना?"

"हो गं, आता तूच," मी म्हटलं.

बाळ वाचलं. मुलगी.

प्रणालीचं रक्त थांबेना. परळच्या मोठ्या हॉस्पिटलला हलवलं. रस्त्यात देवीची मिरवणूक होती, ढोल वाजत होते. लोकांनी बिचाऱ्यांनी वाट करून दिली. पण ती तोवर गेली होती.

आईने त्या दिवसानंतर 'नॉर्मल' हा शब्द तोंडातून काढलेला नाही. फिश करीत मीठ बरोबर पडलंय का, हे आता ती कोणालाच विचारत नाही.

मला कोणावर केस करायची नाही, कोणाचं नाव घ्यायचं नाही. त्या मॅडमची पण काही चूक नाही. पण राग येतो हो! ज्यांना घाई नव्हती त्यांना वेळ मिळाली, आणि आमच्या प्रणालीला सांगितलं, थांब.

परवा त्याच मॅडमचा मेसेज आला. बहिणीची तारीख दसऱ्याची आहे, आदल्या दिवशी येशील ना?

मी काल जाऊन आले. बहिणीचे पाय घासत होते. न राहवून तिला विचारलं, "ताई, तिकडे हॉस्पिटलात उद्या अजून कोणी कळा देणारी आहे का हो?"

ती म्हणाली, "मला कसं माहीत असणार?"

खरंच, तिला कसं माहीत असणार.

आमची स्वरा आता सीनियर केजीत आहे. तारखेने तिचा वाढदिवस मागच्या आठवड्यात झाला. तिच्या वर्गात त्याच तारखेचे अजून दोघं आहेत. टीचरने तिघांना एकत्र उभं करून केक कापला.

घरी येऊन मला म्हणाली, "आत्या, त्या दोघांच्या मम्मीने त्यांचा दिवस चूज केला होता. माझा कोणी केला?"

प्रणाली, मी तिला अजून काही सांगितलेलं नाही.

तुझ्या फोटोला आज आपट्याचं पान ठेवलेलं नाही. नुसता हार घातलाय.

येते गं.