सुमित्राने शिकवलेला श्रीरंग

सुमित्रा काशीकर श्रीरंगवर पंचेचाळीस वर्षं जळली. उगाच गोड भाषेत कशाला सांगायचं? जळली म्हणजे जळलीच.

ती कृषी मंत्रालयात क्लार्क. पाच वाजले की फायली बांधायच्या आणि थेट दिल्लीच्या मराठी मंडळात, गणपतीतलं नाटक बसवायला. श्रीरंग तिथला प्रॉम्प्टर. पडद्याआड वही धरून बसायचा, नखं खायचा, चहा आणायचा. पुढे हा पठ्ठ्या मुंबईला गेला आणि बघता बघता मोठा सिनेदिग्दर्शक झाला. पेपरात त्याचा फोटो आला की ही तो कागद डब्यांखाली अंथरायची. त्याच्या मुलाखतींत दिल्लीचं नाव यायचं, हिचं कधीच नाही. हिने लग्न केलं नाही, प्रमोशनं घेतली, नोएडात फ्लॅट घेतला; पण पोटातली आग काही विझली नाही.

श्रीरंग गेला आणि दोन वर्षांत त्याच्या आयुष्यावर सिनेमा निघाला. दिल्लीचा भाग शूट करायला मंडळी नोएडाच्या स्टुडिओत आली. जुनं माणूस म्हणून सुमित्राला बोलावणं आलं. तिने आधी एकच विचारलं, "मी आहे का त्यात?"

"सॉरी मावशी," असिस्टंट म्हणाली, "दिल्लीचा पोर्शन चारच मिनिटांचा आहे. नाटकं सरच बसवायचे असं घेतलंय."

"अच्छा! तो बसवायचा का?" सुमित्राच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ती उठून घरीच निघाली होती; तेवढ्यात श्रीरंगचं काम करणाऱ्या नटाने विचारलं, "आंटी, तालमीत सर ऐकायला कसे बसायचे?"

तिने डोळे मिटले, मान कलती केली आणि डाव्या हाताने कानाची पाळी धरली. ही तिची स्वतःची लकब. नाव त्याचं लावा मेल्यांनो, पण पडद्यावर मी दिसणार! चार दिवस तिने नटाकडून ते घोटून घेतलं.

सिनेमाचा खास खेळ नोएडातल्या मॉलमध्ये झाला. शेजारच्या खुर्चीत श्रीरंगची बायको, चंद्रप्रभाबाई. पडद्यावर नटाने कान धरला आणि बाईंनी सुमित्राचा हात घट्ट पकडला.

"अहो, अगदी असेच! मी घरी स्क्रिप्ट वाचून दाखवायचे ना, तेव्हा असेच ऐकायचे. फक्त माझ्यासमोर हं, सेटवर कधीच नाही. नटाला तुम्हीच शिकवलंत म्हणे, तुम्हाला कसं कळलं?"

सुमित्रा गारच पडली. म्हणजे लबाडाने खरंच उचलली होती! पडद्याआडून बघून बघून उचलली आणि जन्मभर जपली. आता आपण गप्प बसलो तर या बाईचं ते 'फक्त माझ्यासमोर' शाबूत राहील, हे तिला कळत होतं. पण पंचेचाळीस वर्षं गप्प बसून झालं होतं.

"ती लकब माझी," ती म्हणाली. "श्रीरंगने माझ्याकडून घेतली."

चंद्रप्रभाबाईंनी हात काढून घेतला. त्यांची नजर सुमित्राने बरोबर ओळखली. इतकी वर्षं ती आरशात रोज बघितली होती. इंटरव्हलला बाई पर्स उचलून मागच्या रांगेत जाऊन बसल्या.

सुमित्राला वाईट वाटायला हवं होतं. खोटं कशाला बोला, तिने पॉपकॉर्न मागवलं आणि चवीने खाल्लं.