संमतीपत्रावरची सही

मोहिमेचं माझ्या वाट्याचं सगळं नियोजन मी भंडाऱ्यात भाड्याच्या खोलीत बसून केलं. शिखर सहा हजार मीटरच्या वर. शेवटच्या गावापासून पायथा चार दिवसांच्या चालीवर. बाकीचे पाचही जण पुण्याचे. ते कड्यांवर सराव करत. मी पाठीवर तांदळाचं पोतं घेऊन चार मजल्यांचा जिना चढत-उतरत असे. शेजाऱ्यांनी कारण विचारणं सोडून दिलं होतं. गटाच्या बैठका फोनच्या पडद्यावर होत. त्यांचे आपसातले विनोद मला कळत नसत.

शेवटचा कागद संमतीपत्राचा होता. मृत्यू झाल्यास आणि देह खाली आणणं शक्य नसल्यास तो तिथेच ठेवण्यास जवळच्या नातेवाइकाची संमती. सोमवारपर्यंत सही पोचली नाही, तर माझी जागा दुसऱ्याला जाणार होती. माझं लग्न झालेलं नाही, आईवडील नाहीत. उरली आसगावला दिलेली थोरली बहीण.

रविवारी एसटीने गेलो. धानाची रोवणी सुरू होती. बहीण बायकांच्या रांगेत, गुडघाभर चिखलात.

"पाहुणे, जोडे काढा अन् उतरा," रांगेतून एक जण ओरडली. "पहाड कुठं पळून जाते?"

सगळ्या हसल्या. बहीण शेताच्या कडेला धुऱ्यावर आली, हात पुसले आणि कागद दोनदा वाचला.

"तिथंच म्हणजे? बर्फात?"

"हो."

"कोणी आणाले नाही जाणार?"

"गेले तर तेही मरतील, बाई."

वार्ताहर म्हणून अपघाताच्या बातम्यांसाठी मृतांच्या घरी मी याच आवाजात बोलत असे. बोलून झाल्यावर ते लक्षात आलं.

"काहून जाऊन राहिला तू?"

मी चढाईचा मार्ग सांगू लागलो.

"थे नाही इचारलं, बाबू."

मी सहीच्या जागेवर बोट ठेवलं. तिने तिकडे पाहिलं नाही. "काही झालं तं मले फोन कोण करन?"

"आमचा प्रमुख."

"लाव त्याले."

मी लावला, स्पीकर सुरू केला. "फॉर्म झाला का?" पलीकडून आलं.

"याची बहीण बोलून राहिली," ती म्हणाली. "तुमी पाहिलं का याले कधी?"

"प्रत्यक्ष नाही, ताई. दिल्लीलाच भेट होईल."

"अन् बाकीच्यायनं?"

"त्यांनीही नाही अजून."

"मंग बर्फात ओळखसान कसे?"

मीच फोन बंद केला. बहीण माझ्याकडे पाहत होती, चिडलेली नव्हती. आपला भाऊ कुणाबरोबर चालला आहे हे तिला कळलं होतं, आणि मलाही.

"नाही केली सही, तं नाही जाशीन?"

"नाही."

"अन् मंग करशीन काय? त्याच खोलीत बसशीन?"

तिने पेन मागितला. माझ्या पाठीवर कागद टेकवून सावकाश सही केली, आणि परत बांधीतल्या चिखलात उतरली. जेवून जा, असं ती त्या दिवशी म्हणाली नाही.