दुसऱ्या मजल्यावरचा जोड

आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांनी मला एक पान लिहून द्यायला सांगितलं. अध्यक्ष म्हणजे तरुण मुलगा, मूळ पुण्याचा, इथे बंगळुरात एचएसआर लेआउटमध्येच कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, वागायला गोड. "काका, तुम्ही जुने मेंटेनन्सवाले. पीआरव्ही म्हणजे काय, बॅकफ्लो म्हणजे काय, सिंपल भाषेत एक नोट द्या ना. रेसिडेंट्सना ग्रुपवर पाठवतो. या समरला फ्लशला पाणी कमी पडतंय म्हणून आपण दुसऱ्या मजल्यावरचा तो जोड परत ओपन करतोय, लोक उगाच घाबरतायत."

"लोक बरोबर घाबरतायत," मी म्हणालो.

"अहो, पण मागच्या वेळी प्लंबरचा केअरलेसनेस होता ना. पाइपचा काय दोष?"

त्या वाक्यानं मला लिहायला बसवलं. कारण ते वाक्य माझं आहे. सहा वर्षांपूर्वी मीच ते या इमारतीत सोडलं, आणि आता ते दुसऱ्याच्या तोंडून माझ्याकडे परत आलं होतं.

आधी त्यांना हवं होतं ते लिहितो. आमची इमारत दहा मजल्यांची. गच्चीवर दोन टाक्या आहेत. एकीत चांगलं पाणी, कावेरीचं आणि बोअरवेलचं. दुसरीत सांडपाणी शुद्ध करून वर चढवलेलं पाणी, जे फक्त संडासाच्या फ्लशला जातं. दोन्ही पाणी आपापल्या नळीनं खाली येतं. पाणी जितकं खाली उतरतं तितका त्याचा दाब वाढतो. दहाव्या मजल्यावर नळ नुसता गळल्यासारखा वाहतो आणि पहिल्यावर तोच नळ अंगावर येतो. म्हणून चांगल्या पाण्याच्या नळीवर चौथ्या मजल्यापाशी एक पितळी व्हॉल्व्ह बसवलेला आहे. त्याच्या आत स्प्रिंग असते, वर स्क्रू असतो. वरून कितीही दाब येवो, तो खाली ठरलेल्याएवढाच सोडतो. त्याला पीआरव्ही म्हणतात. फ्लशच्या नळीला तो कोणी बसवला नाही, कारण संडासाच्या टाकीला काय फरक पडतो? म्हणजे खालच्या मजल्यांवर चांगल्या पाण्याचा दाब कमी आणि फ्लशच्या पाण्याचा जास्त. एवढं लक्षात ठेवा, पुढचं सगळं यातून आलेलं आहे.

आता बॅकफ्लो. आमचं घराणं बंगळुरात कित्येक पिढ्यांचं. जयनगरच्या घरी आम्ही पेल्याला ओठ लावून पाणी प्यायलो तर आई हातावर चापट मारायची. पेला वर धरायचा आणि धार तोंडात सोडायची. ओठ लागला की पाणी उष्टं. भांडं आणि तोंड यांच्या मध्ये हवा असली की तोंडातलं काही भांड्यात जाऊ शकत नाही. इमारतीचं पाणी चांगलं राहण्याचा सगळ्यात पक्का उपायही हाच आहे. चांगलं पाणी घाण पाण्याच्या टाकीत वरून पडू द्यायचं, नळी बुडू द्यायची नाही. जिथे ते जमत नाही तिथे बॅकफ्लो प्रिव्हेंटर बसवतात. त्यात एकामागे एक दोन झडपा असतात आणि मध्ये पाणी बाहेर सोडणारं तोंड. पाणी उलटं फिरलं की झडपा मिटतात. एखादी नीट मिटली नाही, तर मधलं पाणी त्या तोंडातून जमिनीवर पडतं, पण तुमच्या नळात जात नाही.

आम्ही यातलं काहीही केलं नव्हतं. 'आम्ही' कशाला, मी केलं नव्हतं. पाण्याची समिती माझ्याकडे होती.

त्या उन्हाळ्यात सांडपाणी शुद्ध करणारं यंत्र बिघडलं. फ्लशची टाकी कोरडी पडली. वरच्या मजल्यांवरच्या जवान मंडळींनी बादल्यांनी भागवलं, पण खालच्या मजल्यांवर वयस्कर माणसं जास्त. दुसऱ्या मजल्यावरच्या डक्टमध्ये दोन्ही नळ्या शेजारी शेजारी आहेत, मध्ये हातभरही अंतर नाही. मी आमच्या प्लंबरला बोलावलं. पन्नाशीचा कन्नड माणूस, इमारत बांधली तेव्हापासूनचा. मी त्याला अण्णा म्हणायचो, इथे कोणालाही दादा म्हणतात तसं, आणि तो मला सार, म्हणजे सर. आम्ही कन्नडमध्येच बोलायचो.

"अण्णा, या दोन नळ्या जोडा. मध्ये एक व्हॉल्व्ह टाका. खालच्यांची सोय होईल."

त्यानं डक्टमध्ये डोकं घातलं आणि बाहेर काढलं. "सार, नको. इकडे दाब कमी, तिकडे जास्ती. आज ती नळी रिकामी आहे म्हणून आपलं पाणी तिकडे जाईल. मशीन सुरू झालं की तिकडचं इकडे येईल. गच्चीवर करू या. फ्लशच्या टाकीत वरून पाणी सोडू. दोन दिवस द्या."

"दोन दिवस लोक काय करतील?"

"मग पाणी उलटं न येऊ देणारा व्हॉल्व्ह तरी आणू द्या."

"मशीन सुरू झालं की बंद करा हा. संपलं."

"सरी, सार," बरं म्हणावं तसं तो म्हणाला आणि त्यानं नळ्या जोडल्या.

युगादीच्या, म्हणजे आपल्या गुढीपाडव्याच्या, आदल्या दिवशी यंत्र सुरू झालं. संध्याकाळी त्याचा फोन आला. "सार, टाकी भरत आलीये. जोड बंद करू ना?" मी पाहुण्यांच्या गडबडीत होतो. यंत्राचा भरवसा नव्हता, पुन्हा बंद पडलं तर सणाच्या दिवशी खालून दहा फोन येणार. मी म्हणालो, "असू दे. परवा बघू."

"सार, उलटं येईल."

"असू दे म्हटलं ना."

हे माझे शब्द होते. ते ऐकणारी दोनच माणसं होती, तो आणि शेजारी पुरणाला डाळ निवडत बसलेली माझी बायको.

युगादीला इथल्या घराघरांत आंघोळीच्या पाण्यात कडुनिंबाचा पाला टाकतात. मग कडुनिंब आणि गूळ खातात, तोंड दुपारपर्यंत कडू असतं. सकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या अक्कांनी मला जिन्यात गाठलं. सून नोकरीला, नातीला त्याच सांभाळायच्या. "अण्णा, आज पाणी स्वल्प पिवळं वाटतंय. वासही येतोय."

मी हसलो. "अक्का, पाला किती टाकलात?"

"मूठभर."

"मग पिवळं नाही तर काय गुलाबी येणार?"

त्याही हसल्या. म्हणाल्या, "तोंडच कडू झालंय, चव तरी कशी कळणार!" आणि माझ्या हातावर बेवु-बेल्ल, तोच कडुनिंब आणि गूळ, ठेवलं. पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यावरच्या सगळ्यांनीच त्या दिवशी तसंच समजून घेतलं. वर्षातल्या दुसऱ्या कुठल्याही दिवशी कोणीतरी आरडाओरडा केला असता. मी सातव्या मजल्यावर राहतो. माझ्या नळाला काहीच झालं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तीन मजल्यांवर जुलाब आणि उलट्या. अक्कांची नात सहा वर्षांची, तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. आठवडाभर सलाईन. ती वाचली, आता माझ्या खांद्याला लागते. पण त्या आठवड्यात मी एकदाही अक्कांच्या डोळ्यांकडे पाहिलं नाही.

मग बैठक झाली. आमच्याकडे बैठका इंग्रजीत होतात, कारण कोणी तामीळ, कोणी बंगाली, कोणी आमच्यासारखे. प्लंबरला दाराशी उभं केलं होतं. कोणीतरी विचारलं, व्हॉल्व्ह उघडा कोणी ठेवला? मी इंग्रजीत सांगितलं की मी त्याला बंद करायला सांगितलं होतं. सगळे त्याच्याकडे वळले. त्याला इंग्रजी येत नव्हतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी बोललो म्हणजे बरोबरच बोललो असेन अशा विश्वासानं, आणि मान डोलावली.

लोकांनी ती कबुली धरली. त्याला काय चाललंय ते कळलं ते गेटवर उभं करून त्याचा फोटो काढला तेव्हा. तो फोटो सिक्युरिटीच्या केबिनमध्ये लावला. खाली लिहिलं, 'प्रवेश नाही'. शेजारच्या इमारतींच्या ग्रुपवरही गेला. या भागातली त्याची सगळी कामं सुटली.

लोक म्हणतील, घाबरला असशील. नव्हतो. मला काय होणार होतं? चार माणसं बोलली असती. मी एवढ्यासाठी खोटं बोललो की मेंटेनन्समध्ये तीस वर्षं काढलेल्या माणसाला व्हॉल्व्ह कळत नाही असं कोणी म्हणू नये.

जोड कापला नाही. व्हॉल्व्ह बंद केला, कुलूप लावलं. दोष माणसाचा ठरल्यावर नळी कोण कापणार? म्हणून ती अजून तिथे आहे, आणि म्हणून आता ती उघडायचं चाललंय.

मी हे सगळं लिहून अध्यक्षांना दिलं. दोन दिवसांनी ते घरी आले.

"काका, वरचा टेक्निकल भाग बेस्ट आहे. ते पेल्याचं तर क्लासच. खालचं आपण कट करू."

"खालचं कापलंत तर वरचं खोटं ठरेल."

"अहो, इतक्या वर्षांनी कशाला स्वतःला त्रास? कोणी विचारतंय का तुम्हाला?"

"कोणी विचारलं नाही म्हणूनच सांगतोय."

"लीगल इश्यू होईल, काका."

"होऊ दे. पत्ता तुमच्याकडे आहेच. सातवा मजला."

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "फोन आला तेव्हा मी तिथंच होते. माझंही नाव घाला." सहा वर्षांत ती या विषयावर पहिल्यांदा बोलली.

ते पान ग्रुपवर गेलं नाही. मी त्याचं इंग्रजी केलं, झेरॉक्स काढून प्रत्येक दाराखाली सरकवलं, सोबत एक प्रत कन्नडमध्ये. अक्कांच्या दाराची घंटा वाजवली आणि त्यांच्या हातात दिलं. त्यांनी उभ्यानं वाचलं. "तुम्ही त्या दिवशी हसला होतात," त्या म्हणाल्या आणि दार लावलं. बरोबर आहे त्यांचं.

मग मी सिक्युरिटीच्या केबिनमध्ये जाऊन भिंतीवरचा प्लंबरचा फोटो ओढून काढला. दुसऱ्या दिवशी तो परत लावलेला. मी परत काढला. समितीचं पत्र आलं, सोसायटीच्या वस्तूंना हात लावू नये. मी त्याच पत्रावर लिहून पाठवलं, माझा फोटो सोबत जोडला आहे, तो लावा. अकरा दिवस हे चाललं. शेवटी गेटवरचा गार्ड फोटो एकाच कोपऱ्याला चिकटवायला लागला, मला ओढायला सोपं जावं म्हणून. बाराव्या दिवशी खालच्या तीन मजल्यांनी सह्या करून पत्र दिलं. पहिली सही अक्कांची होती. फोटो गेला आणि जोड कापायचं ठरलं.

प्लंबर आता के. आर. पुरमकडे एका छोट्या इमारतीत काम करतो. आधी मी त्याला भेटायला गेलो होतो. त्यानं मला खुर्ची दिली, चहा विचारला नाही. तुमच्या इमारतीत पाय ठेवणार नाही, म्हणाला. माफ केलं असं तो म्हणाला नाही आणि मीही माफी मागितली नाही. ती मागण्यानंही माझीच सोय झाली असती.

काल त्याला फोन करून सांगितलं, केबिनमधला तुमचा फोटो उतरवला.

"नळी कापली का?" त्यानं विचारलं.

"कापली. दोन्ही तोंडं बंद केली. आता गच्चीवर फ्लशच्या टाकीत वरून पाणी पडतं, तुम्ही म्हणाला होतात तसं."

"मध्ये जागा किती?"

"एक वीत."

"तुम्ही मोजली, सार, की कोणी सांगितलं?"

'मोजली' असं म्हणणं फार सोपं होतं. ओठांपर्यंत आलंही होतं.

"सांगितलं," मी म्हणालो.

"मग वर जा," तो म्हणाला. "मी फोन धरतो."

लिफ्ट दहाव्यापर्यंतच जाते. पुढचा जिना उभा, गुडघे कुरकुरत होते. टाकीचं झाकण सरकवलं आणि नळीचं तोंड आणि पाणी यांच्या मध्ये हात पसरून धरला. अंगठा पाण्याला लागत नव्हता, करंगळी नळीला लागत नव्हती. फोन कानाला लावून मी त्याला तेवढंच सांगितलं.