उजागरे मास्तरांचा हत्ती

दौंडच्या चर्चमध्ये मुलांना सिनेमा दाखवायचा म्हणजे उजागरे मास्तर हवेतच. सिनेमा इंग्रजी, पोरं मराठी, आणि मधे माईक घेऊन मास्तर. आवाज बारीक करायचा, पडद्यावर चित्रं हलायला लागली की त्याला आपल्या पदरची गोष्ट लावायची. पदरची म्हणतोय ते उगाच नाही. सिनेमात पोर रुसून घराबाहेर पडलं, तर मास्तर सांगत, “आईनं त्याला वाण्याकडं साखर आणायला पाठवलंय.” चेटकीण आली की तिची नर्सबाई व्हायची. हिरव्या तोंडाची, लांब नखांची नर्सबाई बघून पोरं गालात हसायची. पण मास्तरांपुढं बोलायची कुणाची छाती होती?

तसे ते शाळेतले मास्तर नव्हतेच. शांतवन उजागरे रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर होते, आणि दर रविवारी मुलांची शब्बाथ शाळा घेऊन त्यांना शास्त्राच्या गोष्टी सांगायचे, म्हणून मास्तर. सगळा जन्म इंजिनांच्या आवाजात गेलेला. त्यामुळं ते कानात सांगायचे तेही फाटकापर्यंत ऐकू जायचं. कार्टूनवाल्यांवर त्यांचा भारी राग. “जो उठतो तो पोरांना सांगतो, मनाचं ऐक! मन काय देवदूत लागून गेलंय? मनासारखं खोटं बोलणारं दुसरं कुणी नाही. ते आधी वळणावर आणावं लागतं!” आणि हे वळण लावायचं काम देवानं आपल्याकडंच दिलंय, अशी त्यांची पक्की समजूत.

या रागाचं मूळ सगळ्या मंडळीला माहीत होतं. करुणा, मास्तरांची एकुलती एक लेक. आई लवकर गेली, तेव्हा मास्तरांनीच तिच्या वेण्या घातल्या, डबे भरले, कोरसमध्ये उभं राहायला शिकवलं. डिप्लोमा करून ती रांजणगावला कंपनीत लागली आणि तिथल्याच संपतच्या प्रेमात पडली. संपत निमोण्याचा धनगराचा मुलगा. पूर्वी मेंढरं राखणारं घर, आता बागायत करणारं. मास्तरांनी आकाशपाताळ एक केलं. तरी तिनं बिरोबाच्या देवळात भंडाऱ्यानं पिवळी होऊन लग्न केलंच.

लग्नानंतर तिचा फोन आला होता. मास्तर म्हणाले, “आधी चर्चपुढं उभी राहून माफी माग. मग घरी ये.”

“कशाची माफी मागू, पप्पा? लग्नाची?” करुणा म्हणाली. “मी प्रभूला सोडलेलं नाही. तुम्ही मला सोडू नका.”

मास्तरांनी फोन ठेवला. पुढं पुढं तिचे फोन येईनासे झाले. कुणी विषय काढला की ते फाडकन म्हणायचे, “माझं दार उघडंच आहे की! मी कुठं कडी लावलीय?” असं म्हणायचे खरे, पण संध्याकाळी एकट्यापुरती भाकरी थापताना हात थांबायचा. लेक आठवायची. इतकी आठवायची की चुलीवरची भाकरी करपून जायची आणि मग ते तव्यालाच शिव्या घालत तो घासायला घ्यायचे.

यंदा मे महिन्यात सुट्टीतली बायबल शाळा भरली. चर्चचे नवे तरुण पाळकसाहेब पुण्याहून एक सिनेमा घेऊन आले. मास्तर एरवी सिनेमा आधी घरी बघून, कुठं काय दुरुस्त करायचं ते ठरवून यायचे. या खेपेला तेवढा वेळच मिळाला नाही. पडदा बांधला, खिडक्यांना चादरी लावल्या. चर्चची पोरं होतीच, शिवाय शेजारच्या वस्तीतलीही आली. पुढच्या रांगेत बौद्धवाड्यातली हर्षदा मांडी ठोकून बसली होती. जीभ मोठी तिखट पोरीची.

गोष्ट हत्तींची. कळपाचा म्हातारा नायक आणि त्याची हट्टी लेक. नदीपलीकडं जायचं नाही, असं त्यानं बजावलेलं. कारण नदीनं त्याची हत्तीण नेलेली, आणि तेव्हापासून तो पाण्याला पाय लावत नव्हता. लेक मात्र एके दिवशी नदी ओलांडून गेली.

मास्तरांना चेव आला. “बघा! शंभरदा सांगितलं होतं बापानं. पण ऐकेल तर शपथ! जीव लावला, लहानाची मोठी केली, आणि आता बघा कशी पाठ फिरवून निघाली!” आवाज असा चिरकला की मागं बसलेल्या बायकांनी एकमेकींकडं पाहिलं.

पडद्यावर म्हातारा हत्ती वळला.

“आता बाप काय करतोय?” मास्तर म्हणाले. “बाप आपल्या जागी उभा आहे. तो वाट बघतोय. पोरगी परत येईल, माफी मागेल, मग बाप तिला घरात घेईल.”

“मास्तर, तो निघालाय की!” हर्षदा ओरडली.

“निघाला नाही गं. फेऱ्या मारतोय.”

“नदीत शिरला!”

“आंघोळ करतोय.”

पोरं खो खो हसली. हर्षदा मात्र उठून उभीच राहिली. “आंघोळ करताना कुणी रडतं का, मास्तर? बघा ना, बुडायला लागलाय तो!”

मास्तरांनी पाहिलं. पाणी हत्तीच्या कानांपर्यंत चढलं होतं. सोंड तेवढी वर, आणि त्या सोंडेतून तो लेकीला हाका मारत होता. पाळकसाहेबांना काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी आवाज मोठा केला. ती हाक इंग्रजी नव्हती का मराठी नव्हती. मास्तरांनी माईक खाली घेतला, तो सिनेमा संपेपर्यंत.

शेवटी बोध सांगायचा असतो. मास्तरांनी माईक पुढं केला. “आज पाळकसाहेब सांगतील,” म्हणाले, आणि चपला घालून घरी गेले.

दुपारभर खाटेवर पडून ते आढ्याकडं बघत होते. हरवलेल्या मेंढराचा धडा त्यांनी पोरांना किती वेळा दिला असेल! कापडी फळ्यावर कागदी मेंढरं चिकटवायची, एक बाजूला काढायचं. मेंढपाळ उठतो, काट्याकुट्यातून जातो आणि त्याला खांद्यावर घेऊन येतो. मेंढरानं आधी येऊन माफी मागितली, असं कुठं होतं त्या गोष्टीत? कुठंच नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितलं आणि आपण मात्र उघड्या दाराची मिजास करत बसलो! “शांतवन, गाढवा,” ते मोठ्यानं म्हणाले, आणि डोळ्यांत पाणी आलं ते पुसलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच न्हावऱ्याची एसटी धरली, पुढं वडापची जीप. निमोण्यात विचारत विचारत घर सापडलं. ओट्यावर करुणाची सासू अनसाबाई शेंगा फोडत बसली होती.

“सलाम, बाई. मी करुणाचा बाप.”

अनसाबाईनं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “व्हय? आन् इतके दिस कुठं व्हता?”

बाईनं पाणी आणलं, चहा ठेवला. करुणा पहिल्या पाळीला गेलेली, दुपारी कंपनीच्या गाडीनं यायची. शेंगा फोडता फोडता अनसाबाई बोलायला लागली. “गुणाची हाय पोर. आमी बी तिच्या देवधर्मात हात न्हाई घालत. आयतवारी सुट्टी असती, तवा सकाळी डोक्यावरनं न्हाती, चांगली साडी नेसती आन् हितं बसती, दुपार होईस्तवर.”

“इथं? ओट्यावर?”

“व्हय. रस्त्याकडं तोंड करून. तुमच्यात देवाचं असंच बसत्यात ना? म्हणून आमी कुणी तिला हाक मारत न्हाई तवा, काम बी सांगत न्हाई.”

दौंडला ते उघड्या दाराशी बसलेले आणि इथं ही, त्यांच्याच वाटेकडं डोळे लावून. आणि यात देवाचं म्हणून काही नव्हतं, हे या भल्या बाईला कोणत्या तोंडानं सांगायचं? कपबशी खाली ठेवून ते उठले.

“गाडी कुठं थांबते, बाई?”

“फाट्यावर. पर ऊन किती हाय! बसा की, यील ती घरीच.”

“नको. मीच जातो तिच्याकडं.”

फाट्यावर सावली नव्हती. मास्तर टोपी हातात घेऊन उभे राहिले. काय बोलायचं याची त्यांनी मनात जुळवाजुळव केली, मोडली, पुन्हा केली. कंपनीची गाडी आली. दोन बाया उतरल्या आणि त्यांच्यामागं करुणा. वाळली होती. गळ्यात कंपनीचं कार्ड, हातात डबा. तिनं बापाला पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिथूनच ती ओरडली, “पप्पा! कोण गेलं?”

“कुणी नाही गं,” मास्तर म्हणाले. “कुणीसुद्धा नाही. तुझी आठवण आली, म्हणून आलो.”

करुणा आहे तिथंच भर रस्त्यात खाली बसली आणि लहान पोरीसारखी रडायला लागली. मास्तर तिच्याकडं धावले.