तिसरं पाणी

पेडण्याच्या साइटवर वाळू चाळत होतो, तेव्हा सर्वणहून आलेल्या टेम्पोवाल्याने सांगितलं, "तुझे बाबलीमेस्त गेले रे, काल सकाळी अग्नी दिला." ऐकून वाईट वाटायच्या आधी सुटल्यासारखं वाटलं... त्याचीच लाज वाटते. त्याला पाच आठवडे झाले.

मी गडहिंग्लजकडचा, चौथीत शाळा सुटलेला. गोव्यात गवंडीकाम मला मेस्तांनी शिकवलं, राहायला सर्वणच्या स्वतःच्या घराची पडवी दिली. पेज पिताना मी तोंड वाकडं केलं की म्हणायचे, "घाट्या, भाकरी काय तुझी आवय धाडतली?" आणि हळूच आपल्या बायकोला, वहिनींना, भाकरी थापायला सांगायचे.

गोवा राज्य झालं त्या सुमारास चोपड्याच्या नदीची वाळू वेळेवर मिळेना. डिचोलीत मात्र खाणींनी टाकून दिलेल्या तांबड्या रेवेचे डोंगर. मेस्तांच्या मनाने घेतलं, काँक्रीटमध्ये वाळूऐवजी हीच घालायची. चिखल जाईपर्यंत तीनदा धुवायची, एवढीच अट. लोक हसले, "मेस्त, खाणीचा कचरा घरावर चढवतलो?" मेस्त म्हणाले, "आमची शेतां बुडयता ती. घरां तरी बांधूं दी!"

पहिलं काम मये गावातल्या एका घराचा छज्जा. रेव धुणं माझ्याकडे. पाणी शेतातल्या विहिरीवरून वाहायचं, आणि मला वर्षाने गावी जायचं होतं. गाडी चुकेल म्हणून एकदाच धुतली. "तीन उदकां दिलींस मू, महादेवा?" "दिली, मेस्त." माझ्या शब्दावर त्यांनी माल कालवला.

परत आलो तर आधाराच्या फळ्या काढताना छज्जा कोसळलेला. कुणाला लागलं नव्हतं. "माझंच चुकलं," मेस्त घरमालकाला म्हणाले, वाळू आणून नवा छज्जा घातला आणि रेवेचं नाव पुन्हा काढलं नाही. मी शेजारी उभा होतो. बोललो तर पडवी जाईल, या भीतीने गप्प राहिलो... वर्षानुवर्षं.

परवा सर्वणला गेलो. परसात पाय धुताना वहिनी म्हणाल्या, "ही कपडे धुवायची लादी बघ. छज्जो पडल्यावर तू मयेच्या कामावर असायचास, तेव्हा ह्यांनी घातली, त्याच रेवेची. तीन उदकां स्वतः काढलीं. मग घण घालून बघितला, फुटेना. मी म्हटलं, दाखवा की लोकांना! तर म्हणाले, 'नाका. महादेवाक लज दिसतली.'"

मी इतकी वर्षं त्या लादीला साधा चिरा समजत होतो.

"तुला कसली लाज वाटणार, ते मात्र सांगितलं नाही. तुका खबर आसा?"

लादीवर उभा राहूनच मी सगळं सांगितलं. मी बाजूला झाल्यावर वहिनींनी मेस्तांचा कामाचा सदरा बादलीतून काढला आणि लादीवर आपटू लागल्या.