परत घेतलेलं यंत्र

२००५ साली मी परदेशात, श्रूजबरी नावाच्या गावात राहत होते आणि जवळच्या विद्यापीठात बायोमेडिकल इंजिनिअरिंगमध्ये पीएच.डी. करत होते. पक्षाघातानंतर काही जणांचं पाऊल वर उचलत नाही, चालताना बोटं जमिनीला घासतात. अशांसाठी आमच्या लॅबमध्ये एक छोटं यंत्र तयार होत होतं. ते गुडघ्याखाली पट्ट्यानं बांधायचं. टाच उचलली की ते विजेचा हलका झटका देई आणि पाऊल वर येई.

चाचणीला आलेल्यांत शाळेची बस चालवून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. बायको त्यांना गाडीनं घेऊन यायची. पहिल्या दिवशी चार पावलं टाकून ते थांबले आणि खाली बघत राहिले.

"हा माझा पाय वाटत नाही," ते म्हणाले.

मी फॉर्मवर लिहिलं : वेदना नाही.

तीन महिने यंत्र त्यांच्याकडे होतं. दर आठवड्याला ते आले की मी त्यातली माहिती उतरवून घ्यायचे. तोवर ते सांगत बसायचे : काठीशिवाय पत्रपेटीपर्यंत गेलो, चर्चच्या पायऱ्या चढलो. मला पावलांचे आकडे हवे असत. बाकीचं मी नुसतं ऐकायचे.

मुदत संपली त्या दिवशी बायकोनं विचारलं, "अजून थोडे दिवस ठेवलं तर?"

मी माझ्या गाइडना विचारून आले. मंजुरी नसलेलं यंत्र चाचणीबाहेर देता येत नाही, असं ते म्हणाले. ते बरोबरच होतं.

"मग विकत कुठे मिळेल?"

"अजून कुठेच नाही."

"कधी मिळेल?"

"सांगता येत नाही," मी म्हटलं.

गृहस्थांनी स्वतःच पट्टा सोडला. "परत द्यायचं आहे हे संमतिपत्रावर सही करताना वाचलं होतं मी. चालायला लागलो आणि विसरलो."

मी दार उघडून धरलं. ते पाय बाजूनं फिरवत, आधी चालायचे तसेच गाडीपर्यंत गेले. मी यंत्र स्पिरिटनं पुसलं. सोमवारी ते दुसऱ्या कुणाला बांधायचं होतं.

निष्कर्ष चांगले आले, पेपरही छापून आला. पुढच्या चाचणीच्या वेळी मी गाइडना विचारून एक बदल केला. सहीच्या आधी प्रत्येकाला तोंडी सांगायचे, "याचा उपयोग झाला तरी हे परत द्यावं लागेल." बहुतेकांनी ऐकून सही केली. एक बाई थोडा वेळ विचार करत बसल्या, मग पेन टेबलावर ठेवून घरी गेल्या.