राक्षसाच्या बागेतला गुलाब

मखमलाबादला पुंजाराम पिंगळ्यांच्या मळ्यात गुलाबाची झाडं होती, म्हणून त्यांच्या मुलीचं, सुवर्णाचं, अर्धं बालपण फुलं बांधण्यात गेलं. आई-वडील फुलं तोडायचे. ती जुड्या बांधून वर्तमानपत्रात गुंडाळायची आणि कागदाच्या कोऱ्या कडेवर पेनाने चित्रं काढायची. "मुंबईच्या व्यापाऱ्याला फुकट प्रदर्शन दाखवती ही," असं वडील चिडवायचे. पण तिने चित्रकलेचा डिप्लोमा करायचं ठरवलं, तेव्हा पहिल्या दिवशी कॉलेजच्या फाटकापर्यंत सोडायला तेच आले.

डिप्लोमा झाल्यावर, २००१ साली, तिच्यासमोर पहिलं खरं काम आलं. शहरात रविवार कारंजाजवळ साधनाताईंचं छोटं प्रकाशन होतं. त्या फ्रेंच शिकवायच्या, आणि फ्रान्समधल्या जुन्या परीकथा त्यांनी मुलांसाठी मराठीत आणल्या होत्या. त्यांच्याकडच्या एका जुन्या फ्रेंच पुस्तकातली चित्रं सुवर्णाने भिंगाखाली पाहिली. नुसत्या बारीक काळ्या रेघा, पण त्यांतून केवढं घनदाट जंगल उभं राहिलेलं! अंधार रेघांनी कसा काढायचा, या विचाराने तिला भूक लागेना.

"एका गोष्टीचं मुखपृष्ठ करून आण," ताई म्हणाल्या. "जमलं, तर सगळं पुस्तक तुझं. नाहीतर ही जुनीच चित्रं छापू."

गोष्ट अशी होती. एक बाप आपल्या मुलीसाठी परक्या बागेतला एक गुलाब तोडतो. बागेचा मालक राक्षस असतो, तो त्याच्यावर धावून येतो.

सुवर्णाने मोठ्या हौसेने चित्र केलं. ताईंनी ते लांब धरून पाहिलं, मग जवळ आणलं.

"राक्षस झकास आहे गं. पण गुलाब कुठाय?"

"हा काय, बापाच्या हातात."

"ही तर कळी आहे. तीसुद्धा घट्ट मिटलेली. एवढ्यासाठी कुणाचा जीव घ्यायला निघेल का कुणी?"

सुवर्णा चित्रातल्या कळीकडे पाहू लागली. त्यांच्या मळ्यात फूल मिटलेलं असतानाच तोडत. उमललेला गुलाब म्हणजे बाजार चुकलेला गुलाब. वर्षानुवर्षं गुलाबांत राहून तिने झाडावर पूर्ण फुललेला गुलाब नीट पाहिलाच नव्हता.

"पुढच्या सोमवारी परत आण," ताई म्हणाल्या.

घरी येऊन तिने वडिलांना विचारलं, "आबा, एक फूल झाडावर राहू द्याल?"

"कशापायी?"

"चित्रासाठी. उमललं की कसं दिसतं, ते बघायचंय."

"त्यात काय बघायचं? पाकळ्या गळत्या, कीड येती."

तिने गोष्ट सांगितली. पुंजाराम कान देऊन ऐकत होते.

"एका फुलासाठी एवढा राग?" ती म्हणाली. "मला ते समजतच नाही."

"फूल नेलं त्याचं काय नाय. पण फांदी नीट छाटली का ओरबाडली, ते सांग. ओरबाडली असंल तर मीबी राक्षसच व्हईन!"

"तुम्ही रोजच असता," आतून तिची आई, सखुबाई, म्हणाल्या.

त्यातलं फूल कुणी तोडू नये म्हणून बांधाकडेच्या एका झाडाला आबांनी खुणेची चिंधी बांधली. सुवर्णा रोज तिथे वही घेऊन बसू लागली. पाकळ्या एकदम उघडत नव्हत्या. बाहेरची पाकळी आधी मागे दुमडली, कडेला जांभळट झाली. आतल्या अजून एकमेकींना धरून होत्या. शेवटी मधले पिवळे केसर दिसले, त्यावर माश्या आल्या. तिला वाटलं, राक्षस एकटा माणूस, त्याला बाजार नाही. तो हे रोज बघत असणार.

सोमवारी तिने नवं चित्र ताईंपुढे ठेवलं. पूर्ण फुललेला, एक पाकळी सुटायला आलेला गुलाब अजून झाडावरच होता. बापाचा हात त्याच्याकडे निघाला होता. मागे राक्षस उभा होता. काळ्या रेघांच्या गर्दीतून त्याचे फक्त डोळे आणि हात दिसत होते.

"याच्या हातात काय आहे?"

"सिकेटर. छाटणीची कात्री. बाग त्याचीच ना, मग छाटणार कोण?"

ताई हसू लागल्या, आणि हसता हसता चित्राकडे पुन्हा पाहत राहिल्या.

"बिचारा," त्या म्हणाल्या. "आता मला बापाचाच राग येतोय."

जुनं फ्रेंच पुस्तक त्यांनी कपाटात ठेवून दिलं आणि हस्तलिखिताचा गठ्ठा सुवर्णाकडे सरकवला. "पुढच्या गोष्टीत बर्फ पडतो. पाहिलायस कधी?"

"गोळेवाल्याच्या गाडीवर."

"मग?"

"बघते ना," सुवर्णा म्हणाली, आणि तिथेच पहिलं पान वाचायला बसली.